कागद मंजूर, प्रवासी थांब्यावरच!

शहरात मेट्रो येणार, नव्या बसगाड्या येणार अशी घोषणा झाली की वृत्तपत्रांत ठळक मथळे झळकतात, चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात आणि श्रेय कोणाचे यावरून राजकीय पक्षांत चढाओढ सुरू होते. या गदारोळात एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घोषणा आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यामध्ये कागदांचा एक डोंगर उभा असतो. सर्वंकष वाहतूक आराखडा, पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास, सविस्तर प्रकल्प अहवाल, सर्वसाधारण सभेचा ठराव, राज्य शासनाची हमी, केंद्र, राज्य व महापालिका यांच्यातील करार आणि सर्वांत शेवटी खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र. हा डोंगर ओलांडल्याशिवाय दिल्लीतून एक रुपयाही निघत नाही आणि निघू नये हेही खरे. मात्र गेल्या दोन दशकांचा अनुभव पाहता एक प्रश्न विचारणे भाग आहे. इतका कागद रंगवूनही आपली शहरे रोज सकाळी कोंडतात ती का?

या प्रश्नाचे सोपे उत्तर म्हणजे लालफितीला शिव्या देणे. ते उत्तर चुकीचे आहे. कागद हा राज्यकारभाराचा शत्रू असता तर मराठी माणसाला त्याच्या इतिहासाचा अभिमान बाळगताना संकोच वाटला असता. पुण्यातील पेशवे दफ्तरात आजही कोट्यवधी मोडी कागद जपलेले आहेत. रोजकीर्द, ताळेबंद, जमाखर्च यांची काटेकोर नोंद ठेवणारा फड ही मराठी राज्याची मोठी शक्ती होती, आणि त्या फडाची जबाबदारी सांभाळणाऱ्या नाना फडणीसांचे नाव मुत्सद्देगिरीइतकेच हिशेबाच्या शिस्तीसाठी घेतले जाते. जनतेच्या करातून येणारा पैसा खर्च करायचा तर कशासाठी, किती, कोणाच्या निर्णयाने आणि काय पदरात पडले याची लेखी नोंद हवीच. त्या कागदात शहराचा स्वतःचा विचार उतरतो, की अनुदान पदरात पाडून घेण्यापुरती त्याची जुळवाजुळव होते, हा खरा प्रश्न आहे.

आजची कागदपत्रांची चौकट समजून घ्यायची तर २००५ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. महाराष्ट्रातून बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड या शहरांचा त्यात समावेश झाला. चाळीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, दहा ते चाळीस लाखांच्या शहरांना ५० टक्के, तर त्याहून लहान शहरांना ८० टक्के रक्कम केंद्राकडून मिळणार होती. त्यासाठी तीन दस्तऐवज अनिवार्य होते. शहर कोठे जाऊ इच्छिते हे सांगणारा शहर विकास आराखडा, प्रत्येक कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल आणि केंद्र, राज्य व महापालिका यांच्यातील त्रिपक्षीय करारनामा. या करारनाम्यातच एकूण २३ सुधारणांचे वेळापत्रक बांधून घेतले जात असे. करार होताच पहिला २५ टक्के हप्ता मिळे. पुढील हप्त्यांसाठी आधीच्या रकमेपैकी ७० टक्के खर्च झाल्याचे प्रमाणपत्र आणि सुधारणांची प्रगती दाखवणे आवश्यक होते.

लगोलग २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, हा त्या धोरणाचा गाभा होता. वाहतूक आराखडे तयार करण्यासाठीही केंद्राने मदत देऊ केली. आरंभी निम्म्या खर्चाची आणि पुढे ८० टक्क्यांपर्यंतची. म्हणजे केवळ पूल बांधायला नव्हे, तर पूल हवा की नको याचा विचार करायलाही दिल्लीने पैसे देऊ केले. २००९ च्या प्रारंभी मंदीवर उपाय म्हणून शहरांना बसखरेदीसाठी अनुदान मिळाले, तेव्हा त्यासोबतही अटी आल्या. एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण नेमा, नागरी वाहतुकीसाठी स्वतंत्र निधी उभारा, वाहनतळाचे धोरण ठरवा, भाडेवाढीची नियमित पद्धत घाला. यांतील एकही अट अनाठायी म्हणता येणार नाही. एखाद्या सुजाण गृहस्थाने मुलाला दुचाकी घेऊन देताना परवाना, शिरस्त्राण आणि इंधनाचा खर्च यांची विचारणा करावी, तितकाच हा व्यवहार रास्त होता.

मग निष्पन्न काय झाले? नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये या अभियानाचा अहवाल संसदेला सादर केला. मार्च २०११ अखेरपर्यंत मंजूर झालेल्या २,८१५ प्रकल्पांपैकी अवघे २५३ प्रकल्प पूर्ण झाले होते. शंभरातले नऊ. या आकड्यात पाणीपुरवठा, मलनिस्सारण, गृहबांधणी असे सर्व विषय येतात, हे खरे. तरीही बोध एकच आहे. ज्या प्रकल्पांचे कागद तपासून, शिक्के मारून मंजूर झाले, त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक कामे जमिनीवर रेंगाळली. कागद खरोखर तयारीचा पुरावा असता, तर मंजुरीनंतर जागा ताब्यात नाही, वाहिन्या हलवायच्या आहेत, पालिकेच्या हिश्श्याची तरतूद नाही, हे शोध लागलेच नसते.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. देशात जलद बस मार्गाची चर्चा नवी होती तेव्हाच, डिसेंबर २००६ मध्ये, पुण्याने कात्रज, स्वारगेट, हडपसर असा प्रायोगिक मार्ग सुरू केला. पहिलेपणाचा मान मिळाला. पण पादचाऱ्यांना मधल्या थांब्यांपर्यंत सुरक्षित पोहोचता यावे, स्वतंत्र मार्गिकेत अन्य वाहने घुसू नयेत, चौकांची रचना बससाठी बदलावी, या मूलभूत बाबींवर आरंभापासून टीका होत राहिली. पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या परिवहन सेवा एकत्र करून एक कंपनी स्थापन झाली ती २००७ मध्ये, म्हणजे मार्ग सुरू झाल्यानंतर. शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आला तोही त्यानंतरच. आधी काम, मग संस्था आणि शेवटी विचार, असा हा उलटा प्रवास झाला. पुढे शहराच्या काही भागांतील या मार्गाचे कठडे काढून टाकण्याची पाळी आली. जो खर्च एकदा बांधण्यावर झाला, तोच दुसऱ्यांदा पाडण्यावर झाला.

याच काळात अहमदाबादनेही जलद बस मार्गाचे काम हाती घेतले. तेथील आराखड्याची व अहवालाची जबाबदारी त्याच शहरातील सेप्ट या नियोजन व वास्तुकलेच्या शिक्षणसंस्थेकडे होती. मार्ग ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाला, तो स्थानके, तिकीटव्यवस्था आणि चालवणारी स्वतंत्र कंपनी यांच्यासह. पुढे तेथेही अडचणी आल्याच. कोणतेही शहर त्यांतून सुटलेले नाही. फरक एवढाच की अहवाल लिहिणारे लोक त्याच रस्त्यावरून रोज ये-जा करत होते, आणि अहवाल सादर झाल्यावर ते शहर सोडून गेले नाहीत. चूक झाली तर ती दुरुस्त करायला माणूस हाताशी होता. ज्ञान शहरातच राहिले.

पुण्याच्या मेट्रोची कथा दुसऱ्या टोकाची आहे. दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने तिचा प्रकल्प अहवाल २००९ मध्ये दिला. त्यानंतर मार्ग उन्नत असावा की भुयारी, कोणत्या पेठेतून जावा, खर्चाचा वाटा कोणी उचलावा, यावर वर्षानुवर्षे खल चालला. अहवालात दुरुस्त्या होत राहिल्या, तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिला आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. ३१ किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या या दोन मार्गांचा खर्च तेव्हा ११,४२० कोटी रुपये धरला होता. पहिली गाडी धावली मार्च २०२२ मध्ये, आणि शिवाजीनगरच्या न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा खुला झाला सप्टेंबर २०२४ मध्ये. अहवाल आला त्या वर्षी पहिलीत प्रवेश घेतलेला मुलगा मेट्रोने स्वारगेटला पोहोचेपर्यंत महाविद्यालयात गेलेला होता. मधल्या काळात प्रत्येक घराने दुचाकी घेतली, मग दुसरी घेतली, जमल्यास मोटारही घेतली. एकदा लागलेली ही सवय मेट्रो आली म्हणून आपोआप सुटत नाही. कागदाच्या विलंबाची खरी किंमत अशी हजारो कुटुंबांच्या मासिक खर्चात आणि रस्त्यावरच्या धुरात मोजावी लागते. ती कोणत्याही फायलीत नोंदली जात नाही.

या दोन्ही अनुभवांतून दोष कोठे आहे ते दिसते. पहिला दोष कर्तृत्वाचा. अनेक महापालिकांत वाहतूक नियोजनाचा सक्षम, स्वतंत्र विभागच नाही. रस्ते विभागातील अभियंता खड्डे बुजवण्यात गुंतलेला आणि परिवहन सेवेचा अधिकारी रोजच्या तोट्याच्या चिंतेत बुडालेला. तेव्हा अनुदानाची संधी आली की सल्लागार नेमला जातो. तो सर्वेक्षण करतो, चौकांतील वाहने मोजतो, घरोघरी प्रवासाच्या सवयी विचारतो, संगणकावर प्रतिरूप तयार करतो आणि जाडजूड अहवाल देऊन निघून जातो. कित्येकदा शहराचे नाव बदलले तर तो दुसऱ्या कोणत्याही शहराला लागू पडेल इतका गुळगुळीत असतो. त्यामागची मूळ आकडेवारी पालिकेकडे वापरण्याजोगी उरत नाही. पुढच्या योजनेसाठी पुन्हा नवा सल्लागार, पुन्हा नवी मोजणी.

दुसरा दोष अधिकाराचा आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची जोडली, तिच्या अठरा विषयांत रस्ते आणि पूल आहेत, वाहनतळ आहेत, बसथांबेही आहेत. परंतु सार्वजनिक वाहतूक हा विषय मात्र त्यात नाही. थांबा पालिकेचा, त्यावर येणारी बस कोणाची हे राज्याराज्यांच्या कायद्यांवर सोडलेले! महाराष्ट्रात १९४९ च्या महापालिका अधिनियमामुळे परिवहन उपक्रम चालवता येतो, ही जमेची बाजू. परंतु वाहतूक पोलीस गृहखात्याकडे, रिक्षांचे परवाने परिवहन खात्याकडे, हद्दीबाहेरील विकास महानगर प्राधिकरणाकडे आणि मेट्रो वेगळ्या कंपनीकडे. या सर्वांना एका छत्राखाली आणणारे एकीकृत प्राधिकरण असावे, ही अट २००९ च्या बस अनुदानात होती. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो रेल धोरणात ती पुन्हा घालावी लागली, यातच सारे आले. कागदावर प्राधिकरण स्थापन करणे सोपे, अधिकार सोडणे अवघड.

तिसरा दोष हिशेबाच्या स्वरूपाचा. उपयोगिता प्रमाणपत्र सांगते की दिलेला पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाला. त्या खर्चाने कामगाराचा प्रवास किती मिनिटांनी घटला, विद्यार्थिनीला रात्री आठनंतर बस मिळते की नाही, वृद्धांना रस्ता ओलांडता येतो की नाही, हे ते सांगत नाही. पैसे संपले हाच यशाचा पुरावा ठरला, तर मार्चअखेरची धावपळ हेच नियोजनाचे सूत्र बनणार. परीक्षेत उत्तरपत्रिकेची पाने मोजून गुण द्यावेत तसा हा प्रकार आहे.

केंद्राने या अनुभवातून काही शिकलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत योजनेत प्रत्येक प्रकल्प दिल्लीला पाठवण्याची पद्धत बंद करून राज्याच्या वार्षिक कृती आराखड्याला एकत्रित मंजुरी देण्यात आली. २०१७ च्या मेट्रो धोरणाने सर्वंकष वाहतूक आराखडा आणि पर्यायांचा अभ्यास सक्तीचा केला. मेट्रोच कशाला, बसने भागणार नाही का, याचे उत्तर आधी द्या, असे शहरांना बजावले. प्रकल्पाचा केवळ तिकिटातून होणारा परतावा न पाहता वेळेची, इंधनाची बचत धरून समाजाला होणारा लाभ किमान १४ टक्के असावा, हा निकष आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत तर दहा हजार विजेवरील बसगाड्यांसाठी खरेदीऐवजी प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरनुसार दहा वर्षे साहाय्य देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. बस आगारात उभी राहिली तर अनुदान नाही, रस्त्यावर धावली तर आहे. हे पाऊल निश्चितच योग्य दिशेचे आहे. मात्र या योजनेसाठी शहरांची पात्रता ठरली ती २०११ च्या जनगणनेवर. मधल्या काळात कितीतरी शहरे आपल्या हद्दीबाहेर पसरली. जुन्या आकड्यांवर बेतलेला नवा आराखडा म्हणजे मोठ्या झालेल्या मुलाला बालपणीचे कपडे घालण्याचा प्रयत्न.

अनुदानाच्या अटी शिथिल करा, शहरांना मोकळीक द्या, अशी मागणी काही जण करतात. तिच्यातील तळमळ समजण्यासारखी असली तरी ती मान्य होण्यासारखी नाही. अटीच नसत्या तर वाहनतळाचे धोरण, पादचाऱ्यांचा विचार, पर्यायांची तुलना हे शब्दही अनेक महापालिकांच्या सभागृहांत उच्चारले गेले नसते. अटी कमी करण्यापेक्षा त्यांचा रोख बदलणे आवश्यक आहे. आराखड्यासाठी मिळणाऱ्या मदतीचा एक ठोस वाटा शहरात कायमस्वरूपी नियोजन कक्ष उभारण्यासाठी राखून ठेवावा. महाराष्ट्रात अभियांत्रिकी आणि नियोजनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची वाण नाही. पुणे, नागपूर, मुंबईच काय, सांगली, अमरावती, छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणीही अशा संस्था आहेत. अहमदाबादला जे जमले, ते येथे का जमू नये? सर्वेक्षणाची मूळ माहिती पालिकेच्या मालकीची असावी आणि ती दर पाच वर्षांनी अद्ययावत व्हावी. आणि शेवटच्या हप्त्यासाठी खर्चाच्या प्रमाणपत्रासोबत प्रवाशांना काय मिळाले याचा अहवालही मागावा.

याहून महत्त्वाचा आहे तो भाषेचा मुद्दा. सविस्तर प्रकल्प अहवाल सामान्यतः इंग्रजीत असतो, तोही तांत्रिक परिभाषेने जड झालेला. ज्या नगरसेवकांनी त्यावर हात वर करायचे आणि ज्या नागरिकांच्या घरासमोरून मार्ग जायचा, त्यांतील कितीजण तो वाचतात? महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर बंधनकारक करणारा कायदा केला. त्याचा आशय केवळ नामफलकांपुरता आणि पत्रव्यवहारापुरता का राहावा? प्रत्येक वाहतूक आराखड्याचा मराठीतील सुबोध सारांश, नकाशांसह, सभागृहापुढे येण्यापूर्वी लोकांपुढे यावा. लोकांना कळणाऱ्या भाषेत न मांडलेली योजना ही लोकांची योजना होऊ शकत नाही. २०२२ नंतर राज्यातील बहुतेक महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या, लोकप्रतिनिधींची सभागृहेच नव्हती. त्या काळात कोट्यवधींचे निर्णय बंद दाराआड झाले. ही सवय प्रशासनाच्या अंगवळणी पडता कामा नये.

येथे समाजाच्या कर्तव्याचाही विचार केला पाहिजे. नागरी सहभागाचा आणि माहिती जाहीर करण्याचा कायदा करावा, ही २००५ च्या अभियानातील एक अटच होती. त्याच वर्षी लागू झालेल्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता योजना व निर्णय जाहीर करण्याचे बंधन घालते. साधने उपलब्ध आहेत; ती वापरणारे हात कमी आहेत. रक्तदान शिबिर, पूरग्रस्तांना मदत, वस्तीतील अभ्यासिका यांत तन-मन-धनाने उतरणारा कार्यकर्ता शहराच्या वाहतूक आराखड्यावरील हरकतींची मुदत कधी संपली हे जाणत नाही, ही उणीव आहे. हे काम नीरस आहे, त्याचे छायाचित्र छापून येत नाही. पण प्रभागातील चार निवृत्त अभियंते, दोन शिक्षक, एखादा सनदी लेखापाल आणि रोज बसने जाणाऱ्या दोन महिला एकत्र बसल्या, तर कोणत्याही सल्लागाराला न दिसलेली गोष्ट त्यांना दिसते. शाळा सुटताना कोणत्या चौकात जीव मुठीत धरावा लागतो, रुग्णालयाजवळ थांबा का नाही, शेवटची बस औद्योगिक वसाहतीची पाळी सुटण्यापूर्वीच का निघून जाते, हे ज्ञान रस्त्यावर असते. हरकतींच्या मुदतीत ते लेखी नोंदवले गेले, तरच ते फायलीत शिरते.

अनुदान म्हणजे दिल्लीची कृपा नव्हे. तो याच नागरिकांनी भरलेल्या करांचा परत येणारा अंश आहे. त्यामुळे त्यासाठी लागणारा प्रत्येक कागद हा नागरिकांच्या वतीने लिहिलेला कागद आहे, आणि तो वाचण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. महाराष्ट्रातील महापालिकांनी आपले आराखडे आपल्या माणसांकडून, आपल्या भाषेत आणि आपल्या रस्त्यांवर उभे राहून तयार करण्याची सवय लावून घेतली, तर अटींचा बाऊ वाटणार नाही. अन्यथा कागदी घोडे दौडत राहतील, हप्ते येत राहतील, फलक झळकत राहतील. आणि सकाळी साडेआठला थांब्यावर उभा असलेला प्रवासी घड्याळाकडे पाहत उभाच राहील.